बाळ झोपायच्या वेळी आपली बैठक?
(शिरूर व दौंड तालुक्यातील गटांच्या एकत्रित बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आधीच सांगते, माझं अजून लग्न झालेलं नाही. त्यामुळे "हिला काय कळतंय लेकरांचं" असं कुणी म्हणालं तर राग येणार नाही. पण आज मला माझीच एक चूक सांगायची आहे.

एका गटाची बैठक रात्री साडेआठला असायची. एक ताई सलग तीनदा आली नाही. पंचसूत्रीत नियमित बैठक आहे, नियम म्हणजे नियम, म्हणून मी वीस-वीस रुपये दंड लिहायला लावला. नंतर ती मला रस्त्यात भेटली. म्हणाली, "मॅडम, बाळ आठ महिन्यांचं आहे. आठला दूध पिता पिता झोपतं. उठवून आणलं तर रात्री दोनपर्यंत घर जागं. आणि सकाळी सहाला मला कांदा काढायला जायचं असतं." मला काही उत्तर सुचलं नाही.

मग मी माहिती काढली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसाची धरून १२ ते १६ तास झोप हवी. १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास. झोप मोडली की लेकरू किरकिर करतं, नीट खात नाही. आणि बोलणी आईला बसतात.

पण म्हणून बाळंतीण बाईने हळदीला, जत्रेला, दिवाळीत माहेरी जायचंच नाही का? जायचं. श्रावणात भुलेश्वरला जा, भाद्रपदात रांजणगावला जा. फक्त थोडी तयारी ठेवा.

घरी झोपवताना रोज एकच क्रम ठेवा. अंग पुसणं, कपडे बदलणं, दूध, अंगाई. जागा बदलली तरी हा क्रम बदलू नका. रोजची गोधडी सोबत न्या, तिचा वास बाळाला ओळखीचा असतो. त्या दिवशी दुपारची झोप चुकवू नका. दमलेलं बाळ लवकर झोपत नाही, उलट जास्त रडतं. कार्यक्रमाच्या घरी पोचल्यावर आधी आतली शांत खोली बघून ठेवा. तिथं बाळाला उताणं झोपवा, तोंडाजवळ उशी-पांघरूण नको. दाटीवाटीत झोपलेल्या माणसांच्या मध्ये नको आणि दारू प्यालेल्या माणसाशेजारी तर अजिबात नको. बाळाजवळ जागं माणूस पाहिजे.

निघायची वेळ घरूनच ठरवून जा. गळिताच्या हंगामात अंधारात उसाच्या ट्रॉल्या लवकर दिसत नाहीत. पेंगुळलेलं लेकरू मांडीवर घेऊन गाडीवर मागे बसणं धोक्याचं आहे. उशीर झालाच तर मुक्काम करा.

दुसऱ्या दिवशी बाळाला नेहमीच्या वेळेला उठवा. दोन-तीन दिवसांत बहुतेक बाळांची घडी परत बसते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वेळापत्रक नसतंच, त्याच्या कलाने घ्या.

एक गोष्ट हात जोडून सांगते. बाळ झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नका. मध्य प्रदेशात दूषित औषधाने लेकरं दगावली. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की २ वर्षांच्या आतल्या मुलांना ही औषधं देऊच नयेत. अफू नको, जायफळही उगाळून देऊ नका. जास्त झालं तर ते विषारी ठरतं.

आता डीजे. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. सरकारने जाहीर केलेल्या काही ठरावीक दिवसांना १२ पर्यंत सूट असते. एकटी सून हे बोलू शकत नाही. पण दहा बायका मिळून मंडळाला सांगू शकतात. नाहीच ऐकलं तर ११२ नंबर आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, बाळाची झोप ही एकट्या आईची जबाबदारी नाही. सासूबाईंनी अर्धा तास बाळ धरावं, नवऱ्यानेही धरावं. हळदीत एकीने नाचावं, दुसरीने बाळाजवळ बसावं, मग पाळी बदलावी.

आणि सुरुवात आपल्या गटापासून करू. त्या गटाने बैठक रविवारी दुपारी चारला घेतली. ताई आता बाळाला घेऊन येते, ते सतरंजीवर खेळतं. साठ रुपये दंडही गटाने ठराव करून परत दिला. पुढच्या बैठकीत तुम्हीही विचारा, आपल्यात दोन वर्षांच्या आतलं लेकरू कुणाचं आहे, आणि तिला कोणती वेळ जमते? ती वेळ ठराव वहीत लिहा. दंडाचं मग बघू.