कोऱ्या पत्राचे उत्तर

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'जीव आणि ब्रह्म' हा विषय ऐकला की आपल्यापैकी अनेकांना वाटते, हे निवृत्तीनंतर पाहू. पण हा विषय आपल्या तापीच्या काठावरचाच आहे. सुरतेतल्या कितीतरी मराठी घरांचे मूळ गाव खानदेशात. तापी मुलताईला उगम पावते, खानदेशातून वाहते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. वाटेत जळगाव जिल्ह्यात तिला पूर्णा भेटते. त्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे आणि तिथे योगी चांगदेवांचे मंदिर आहे. जवळच मुक्ताईनगर, मुक्ताबाईंचे स्थान.

परंपरा सांगते की चांगदेव चौदाशे वर्षे जगलेले सिद्ध योगी होते. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून ते पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. 'चिरंजीव' लिहावे तर ज्ञानदेव ज्ञानाने मोठे. 'तीर्थरूप' लिहावे तर ते वयाने अगदी लहान. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून, इतकी वर्षे जगून हे कोरेच राहिले, असे मुक्ताबाई म्हणाल्याची कथा आहे. मग निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचे उत्तर लिहिले. तीच 'चांगदेव पासष्टी'.

चांगदेव का अडले? मायना लिहायचा तर आधी मोठा कोण आणि लहान कोण हे ठरवावे लागते. ज्ञानदेवांच्या उत्तराचे सार असे की, तू आणि मी असे दोघे मुळात नाहीतच. मीठ पाण्याची खोली मोजायला आत उतरले तर मोजणाराच उरत नाही, तशी आपली भेट.

आपल्या दर्शनांत या प्रश्नावर एकमत नाही. शंकराचार्यांच्या मते जीव आणि ब्रह्म एकच. रामानुजाचार्य जीवाला ब्रह्माचे शरीर मानतात, तर मध्वाचार्य दोघांतला भेद कायमचा मानतात. ज्ञानदेव अद्वैताचे, पण ते जगाला खोटे म्हणून बाजूला सारत नाहीत. दागिना घडला म्हणून सोन्याचे सोनेपण कमी होत नाही, लाट उठली म्हणून पाणी झाकले जात नाही, असे दाखले ते देतात. आपल्या सुरतेच्या भाषेत सांगायचे तर, साडीला साडीच म्हणायचे, तिचा भावही करायचा. पण धाग्यावेगळी साडी कुठे सापडत नाही.

हे आपल्याला का हवे? आपण गावी गेलो की 'सुरतवाले' आणि इथे आलो की 'महाराष्ट्रवाले'. मुले घरात मराठी, शाळेत गुजराती आणि रस्त्यावर हिंदी बोलतात. मग आपण नेमके कोण, ही काळजी आपल्या घराघरांत आहे. सरकारी कचेरीत काम करणारे आम्ही दिवसभर अर्जांचे रकाने पाहतो: नाव, जात, मूळ वतन, धंदा. हे रकाने खोटे नाहीत, त्यांच्याशिवाय काम चालत नाही. पण जो अर्ज भरतो आहे, तो एवढ्या रकान्यांत मावत नाही. खानदेशी, कोकणी, सुरती हे आपले दागिने आहेत. ते हौसेने मिरवावेत, मोडून टाकण्याचे कारण नाही. मात्र दागिन्यांवरून भांडताना सोन्याचा विसर पडू नये.

हा विसर मंडळातही पडतो. कोण बँकेत आहे, कोण लूमच्या खात्यात रात्रपाळी करतो, वर्गणी कोणाची मोठी, यावरून पुढची खुर्ची ठरते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरच्यांना वरच्या मजल्यावरच्यांनी घरात घेतले, तेव्हा कोणी मायना शोधत बसले नाही. पाणी ओसरले आणि मायने पुन्हा सुरू झाले. अद्वैत पुरापुरतेच का असावे?

कोणी विचारेल, सगळे एकच असेल तर गणपती कशाला बसवायचा? पण अद्वैत सांगणारे ज्ञानदेवच विठ्ठलाचे भक्त होते. आपणही मातीला आकार देतो, प्राणप्रतिष्ठा करतो, दहा दिवस प्रेमाने पूजा करतो आणि उत्तरपूजेनंतर आकाराला निरोप देतो. ज्याची पूजा केली ते तत्त्व त्या आकारात अडकलेले नाही, हे मुलांना दाखवणारा याहून सोपा धडा नाही.

म्हणून एकच विनंती आहे. रात्रपाळीमुळे आरतीला न येणारा एक तरी माणूस आपल्या गल्लीत असतो. यंदा त्याच्या सुट्टीच्या दिवशी आरतीचे ताट आधी त्याच्या हाती द्यावे. त्याला काका म्हणायचे की भाऊ, ते तिथे आपोआप सुचेल.

गणपती बाप्पा मोरया!