दूरच्या यंत्राशीं बोलतांना

चाकणचा संग्रामदुर्ग ज्यांनीं आज पाहिला असेल त्यांना, ह्या पडक्या तटापुढें एके काळीं मोंगलांची प्रचंड फौज पन्नासांहून अधिक दिवस अडून राहिली होती, हें सांगूनहि खरें वाटणार नाहीं. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें हा लहानसा भुईकोट शाइस्तेखानाविरुद्ध झुंजविला. तो अखेर पडला, पण दरवाजा फुटून पडला नाहीं. खानाच्या लोकांनीं जमिनीखालून भुयार खणलें, एका बुरुजाखालीं दारू ठासली आणि बुरूजच उडवून दिला.

किल्ल्याची ही गोष्ट मी आज काढली, तिचें कारण असें कीं, त्याच चाकणच्या माळावर आतां दुसऱ्या प्रकारचे कोट उभे आहेत. फोक्सवॅगनचा कारखाना तेथें २००९ सालीं सुरू झाला. त्याच्या मागेंपुढें बजाज, महिंद्र व इतर आले. आणि ह्या मोठ्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांची रांग भोसरी-तळवड्यापर्यंत लागली. ह्या कारखान्यांचीं मोजमापें, आराखडे व हिशेब संगणकांत असतात, आणि त्या संगणकांची देखभाल करणारीं माणसें पुष्कळदां कारखान्यांत नसतातच. तीं निगडीच्या प्राधिकरणांत, आपल्या घरीं, जेवणाच्या टेबलाशीं बसलेलीं असतात. चाकण-तळेगांव रस्त्यावर संध्याकाळीं जो कोणी अडकला असेल तो ह्या व्यवस्थेला नांवें ठेवणार नाहीं.

घरांतील वडील माणसांना एवढेंच दिसतें कीं, मुलगी किंवा सूनबाई काळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें उमटवीत बसली आहे. वस्तुतः ती त्या वेळीं कित्येक कोसांवरच्या यंत्राच्या दारांत उभी असते. तें दार कसें असतें आणि त्यांतून जातांना तिनें आपल्या बाजूनें कोणती तजवीज करावी, एवढाच आजचा विषय आहे. ही काळजी पुस्तकी नव्हे. २०२१ सालीं पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरांवर खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा हल्ला होऊन प्रकरण पोलिसांत गेलें होतें, हें श्रोत्यांपैकीं कांहींना आठवत असेल.

पूर्वीं हें दार म्हणजे नुसती चौकट होती. टेलनेट नांवाच्या व्यवस्थेंत नांव व परवलीचा शब्द तारेवरून जसेच्या तसे जात. वाटेंत बसलेल्याला ते उघड्या पोस्टकार्डासारखे वाचतां येत. १९९५ सालीं हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत कोणीं तरी असेच परवलीचे शब्द टिपून घेतले, तेव्हां तेथील तातू यलोनेन ह्या संशोधकानें उपाय म्हणून 'सिक्युअर शेल' हा प्रोग्रॅम लिहिला. व्यवहारांत त्याला एस्‌.एस्‌.एच्‌. म्हणतात. फाइली पाठविणाऱ्या एफ्‌.टी.पी.चें दार २१ क्रमांकाचें आणि टेलनेटचें २३. यलोनेननें पत्र लिहून मधला २२ मागितला आणि तो त्याला मिळाला. आजहि तोच चालतो. १९९९ सालीं ओपन-बी.एस्‌.डी.च्या मंडळींनीं ह्या प्रोग्रॅमची खुली आवृत्ति काढली. आज लिनक्स, मॅक व विंडोज ह्या तिन्हींवर जो क्लायंट, म्हणजे आपल्या बाजूचा प्रोग्रॅम, तयार मिळतो तो तिचाच.

ह्या दारांत दोन ओळखी पटाव्या लागतात. यंत्रानें माणसाला ओळखावयाचें असतें, हें सर्वांच्या ध्यानांत राहतें. माणसानेंहि यंत्राला ओळखावयाचें असतें, हें बहुतेक जण विसरतात.

पहिली ओळख आधीं घेऊं. परवलीचा शब्द कितीहि अवघड केला तरी तो दारांत उच्चारावाच लागतो, हेंच त्याचें उणें. म्हणून किल्ल्यांची जोडी करतात. कीजेन नांवाचा छोटा प्रोग्रॅम चालविला कीं दोन फाइली तयार होतात: एक खासगी किल्ली, दुसरी सार्वजनिक. दुसरीला मी कुलूप म्हणेन, कारण ती कोणाच्याहि हातीं द्यावयास हरकत नाहीं. ज्या यंत्रांत शिरावयाचें त्याच्या दारावर ती लावून ठेवावयाची. प्रत्येक भेटीच्या वेळीं दोन्ही बाजूंमध्यें जी नवी खूण ठरते, तिच्यावर क्लायंट खासगी किल्लीनें सही करतो आणि यंत्र ती सही आपल्याजवळच्या कुलपाशीं ताडून पाहतें. किल्ली स्वतः घराबाहेर जात नाहीं.

किल्लीची जात एड-२५५१९ ही निवडावी. ती आंखूड असून मजबूत आहे. जातीचा विचार निरर्थक नाहीं. विंडोजवर पुट्टी नांवाचा क्लायंट फार वर्षें लोकप्रिय आहे. २०२४ सालीं त्यांत असा दोष सांपडला कीं, पी-५२१ ह्या एका जातीच्या किल्लीनें केलेल्या साठेक सह्या कोणाच्या हातीं लागल्या, तर त्यांवरून खासगी किल्लीच काढतां यावी. नवी आवृत्ति निघाली, पण जुन्या किल्ल्या मात्र टाकून द्याव्या लागल्या. दुसरें असें कीं, खासगी किल्लीच्या फाइलीला स्वतःचें एक संरक्षक वाक्य लावावें. लोणावळा लोकलमध्यें पिशवी विसरणारे आपल्यांत थोडे नाहींत, आणि वाक्य न लावलेली किल्ली म्हणजे पत्ता लिहिलेली किल्ली. दर वेळीं तें वाक्य लिहिण्याचा कंटाळा येत असेल तर एजंट नांवाचा मदतनीस काम संपेपर्यंत किल्ली उघडी करून स्मरणांत धरून ठेवतो.

आतां दुसरी ओळख. नव्या यंत्राकडे प्रथम जातांना क्लायंट थांबून सांगतो कीं, ह्या यंत्राची खात्री पटत नाहीं, त्याचा ठसा असा असा आहे, पुढें जावें काय? ठसा म्हणजे त्रेचाळीस अक्षरांची एक ओळ. शिवकालीन कागदावर शिक्का आणि मोर्तब पाहून पत्र कोणाचें हें ओळखीत, तसाच हा यंत्राचा शिक्का. येथें शंभरांतले बहुतेक लोक 'येस' लिहून मोकळे होतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचें नांव घेऊन उठलेल्या तोतयानें पुण्याच्या दरबाराला किती घोर लावला, हें आपण शाळेंत वाचलें आहे. १७७६ सालीं त्याला देहान्त शासन झालें, तोंवर त्याच्यावर विश्वास ठेवणारे थोडेथोडके नव्हते. संगणकाच्या जाळ्यांत तोतया उभा करणें त्याहून सोपें. परवलीचा शब्द लिहिणाऱ्याचा शब्द सरळ त्याच्या हातीं पडतो. किल्लीनें शिरणाऱ्याची किल्ली वांचते, पण आपलें यंत्र समजून त्यानें धाडलेल्या फाइली तोतयाच्याच घरीं जातात.

भोसरीच्या एका लहान कारखान्यांत मला हें प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. मालक सत्तरीचे, स्वतः लेथवर उभे राहून मोठे झालेले. त्यांचा पुतण्या घरून संगणक सांभाळी. चार माणसांत परवलीचा एकच शब्द होता: कुलदैवताचें नांव आणि पुढें एक-दोन-तीन. संगणक तापून मंद झाला म्हणून मला बोलावणें आलें. नोंदवही उघडून पाहतों तों, अनोळखी पत्त्यांवरून हजारों वेळां दार ठोठावलेलें, आणि एके रात्रीं तें उघडलेलें. कोणी परका आंत शिरून आपली आंकडेमोड ह्या यंत्राकडून करवून घेत होता.

"साहेब, आंकडेमोड करूं द्या हो," मालक म्हणाले, "पण डायांचे आराखडे आमचे नाहींत, गिऱ्हाइकाचे आहेत. ते नेले असतील तर मी तोंड कसें दाखवूं?"

त्यांचें काम ज्या विश्वासावर चालत होतें तो विश्वास पणाला लागला होता. आम्हीं संगणक पुसून नव्यानें मांडला, परवलीच्या शब्दानें शिरणें बंद केलें, आणि चौघांसाठीं चार निरनिराळ्या किल्ल्या केल्या. एकानें नोकरी सोडली तर त्याचें कुलूप काढावें, इतरांना उपद्रव नको.

दुसऱ्या दिवशीं पुतण्या घरून शिरूं लागला तेव्हां पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा आला कीं, यंत्राची ओळख बदलली आहे. यंत्र नव्यानें मांडल्यामुळें शिक्काहि नवा झाला होता, एवढेंच त्याचें कारण. पण पुतण्यानें तें विचारलें नाहीं. क्लायंट ज्या फाइलींत ओळखीचे शिक्के जपून ठेवतो तिच्यांतली जुनी ओळ त्यानें पुसली, 'येस' लिहिलें आणि आंत गेला. मीं त्याला विचारलें, "हें आपलेंच यंत्र, हें तुला कोणीं सांगितलें?"

"पत्ता तोच आहे ना, काका."

"पत्ता तोच. दार उघडणारा कोण?"

ह्यावर तो गप्प राहिला. आदल्याच आठवड्यांत लुटला गेलेला माणूस आज पुन्हां डोळे मिटून आंत गेला, ह्याचें मला नवल वाटलें नाहीं. इशाऱ्याची कटकट नको म्हणून शिक्के ताडून पाहणेंच कायमचें बंद करणारे तज्ज्ञहि मीं पाहिले आहेत. क्लायंटला तसें सांगतां येतें, हीच मोठी गैरसोय आहे.

मग आम्हीं त्याच्या घरच्या संगणकांत कॉन्फिग नांवाची फाईल लिहिली. तींत प्रत्येक यंत्राला एक सुटसुटीत नांव देतां येतें. त्याखालीं पत्ता, वापरणाऱ्याचें नांव आणि कोणती किल्ली लावावयाची हें लिहावें. एक गोष्ट येथें पुष्कळांना चकविते. क्लायंट ही फाईल वरून खालीं वाचतो आणि ज्या बाबीचें जें मूल्य प्रथम आढळेल तेंच कायम धरतो. म्हणून विशिष्ट यंत्रांचे नियम वर आणि सर्वांना लागू असलेले नियम तळाशीं लिहावेत. उलट केल्यास खालचे विशेष नियम वाचले जाऊनहि लागू होत नाहींत. शिवाय, नेमलेलीच किल्ली वापरावी असेंहि स्पष्ट सांगावें. नाहीं तर क्लायंट जुडग्यांतली प्रत्येक किल्ली लावून पाहतो, आणि बरोबर किल्ली येण्यापूर्वींच यंत्र कंटाळून दार लावून घेतें.

मोठ्या कारखान्यांत आंतल्या यंत्रांकडे सरळ जातां येत नाहीं. आधीं एका पहाऱ्याच्या यंत्रावर जावें लागतें. त्याला इंग्रजींत बॅस्टियन, म्हणजे बुरूजच, म्हणतात. ह्या बुरुजावरून पुढें जातांना आपला एजंट बरोबर नेण्याची सोय आहे, पण ती घेऊं नये. बुरुजावर ज्याची सत्ता असेल त्याला, आपण जोडलेले असेपर्यंत, आपल्या किल्लीनें सह्या करून घेतां येतात. त्याऐवजीं २०१६ सालापासून मिळणारी प्रॉक्सी-जंप ही सोय वापरावी. तींत बुरूज फक्त वाट देतो. त्याच्या आंतून काय गेलें हें त्याला दिसत नाहीं. आणि एस्‌.एस्‌.एच्‌.ला भुयारेंहि खणतां येतात. कारखान्यांतून थेट घरापर्यंत असें भुयार सोयीसाठीं काढून, काम झाल्यावर तें बुजवावयास विसरलेले इंजिनियर ह्या पट्ट्यांत कमी नसावेत. त्याचा पत्ता मुख्य दारावरच्या पहारेकऱ्याला नसतो.

भोसरीच्या त्या कारखान्यांत आतां मालकांच्या टेबलामागें, मोरया गोसावींच्या तसबिरीखालीं, एक कागद चिकटविला आहे. संगणकासमोर प्रत्यक्ष बसून उतरून घेतलेला त्याचा ठसा त्यावर लिहिला आहे. यंत्र नव्यानें मांडलें कीं कागद बदलतो, आणि पुतण्या 'येस' लिहिण्यापूर्वीं टेलिफोन करतो. क्लायंटच्या २०१९ नंतरच्या आवृत्तींत 'येस' ऐवजीं तो ठसाच टाकतां येतो. जुळला तरच दार उघडतें. मालक चष्मा लावून एकेक अक्षर मोठ्यानें वाचतात. परवां मधलें एक अक्षर कांहीं केल्या जुळेना. पुतण्या अडून बसला, आंत जाईना, मालक चिडले, पुन्हां पहिल्यापासून वाचलें, तेव्हां निघालें कीं, शून्याला ते 'ओ' म्हणत होते.