बुडत्याला आधार कुणाचा?



‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. पण खरोखर बुडायची वेळ आली म्हणजे काडीने भागत नाही, माणसंच लागतात. ती किती लागतात, हे सांगणारी दुसऱ्या महायुद्धातली एक हकीकत आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

तारीख होती २ सप्टेंबर १९४४. टोकियोच्या दक्षिणेला सुमारे हजार किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात चिचिजिमा नावाचं एक लहानसं डोंगराळ बेट आहे. जपानी सैन्यानं तिथं बिनतारी संदेशांचं केंद्र उभारलं होतं. ते उद्ध्वस्त करण्यासाठी ‘सॅन जॅसिंटो’ या अमेरिकन विमानवाहू जहाजावरून काही विमानं निघाली. त्यांतल्या एकाचा वैमानिक होता जॉर्ज बुश. वय अवघं वीस. अठरावं वर्ष पुरं झालं त्याच दिवशी हा मुलगा आरमारात भरती झाला होता. विमानात त्याच्याबरोबर आणखी दोघे होते. बिनतारी यंत्र सांभाळणारा जॉन डिलेनी, आणि मशीनगनवर बसलेला विल्यम व्हाइट. व्हाइट हा खरं म्हणजे तुकडीतला अधिकारी. ती त्याची नेहमीची जागा नव्हे. त्या दिवशी तो आपण होऊन बरोबर आला होता.

विमान खाली सूर मारत असतानाच तोफेचा गोळा लागला. धूर झाला, विमानानं पेट घेतला. तरी बुशनं बॉम्ब टाकले आणि विमान समुद्राकडे वळवलं. सोबत्यांना उड्या टाकायला सांगून त्यानंही उडी घेतली. जाताजाता डोकं विमानाच्या शेपटीवर आपटलं, हवाई छत्री फाटली. कसाबसा तो पाण्यात पडला आणि रबरी नाव फुगवून तीत चढला. कपाळातून रक्त वाहत होतं. खारं पाणी पोटात गेल्यामुळे उलट्या होत होत्या. वारा तर नाव बेटाकडेच ढकलत होता. वल्हं नाही, म्हणून तो हातांनीच पाणी मारीत राहिला. त्या बेटावर पकडले गेलेले कित्येक वैमानिक पुढे ठार मारले गेले. युद्धानंतर त्याबद्दल खटले चालले आणि दोषी अधिकाऱ्यांना फाशी झाली. तेव्हा वाऱ्याचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

बेटावरून नावा त्याच्या दिशेनं निघाल्या. सोबतच्या विमानांनी गोळीबार करून त्यांना परतवलं. अशा स्थितीत तीन-चार तास गेले. मग पाण्यातून एक काळी आकृती वर आली. ती होती अमेरिकेची ‘फिनबॅक’ पाणबुडी. खलाशांनी त्याला वर ओढून घेतलं.

ही गोष्ट वर्गात सांगितली की एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो, “सर, नशीब बलवत्तर म्हणायचं!” मी त्याला म्हणतो, नशीब असेल, पण ती पाणबुडी तिथं नशिबानं आली नव्हती. विमानांचा हल्ला असेल तिथं जवळच एखादी पाणबुडी ठेवायची, पडलेल्यांना तिनं उचलायचं, अशी व्यवस्थाच लावलेली होती. शत्रूच्या बेटाजवळ भर दिवसा पाणबुडीनं वर येणं म्हणजे जिवाशी खेळ. तरी त्या युद्धात अमेरिकन पाणबुड्यांनी अशा ५०४ जणांना वाचवलं. तहान लागल्यावर विहीर खणली असती, तर यांतले किती हाती लागले असते?

पण डिलेनी आणि व्हाइट हाती लागले नाहीत. दोघांपैकी एकानं उडी घेतली, पण त्याची छत्री उघडली नाही. दुसरा विमानाबरोबरच गेला. दुसऱ्याच दिवशी बुशनं पाणबुडीतून आईवडिलांना पत्र लिहिलं. त्यात सुटकेचा आनंद थोडा आणि त्या दोघांचं दुःख फार. त्यांच्या मरणाची जबाबदारी आपल्यावर आहे, असं त्याला वाटत होतं. पाणबुडीत सुमारे महिनाभर राहून तो पुन्हा आपल्या जहाजावर रुजू झाला.

हा तरुण पुढे १९८९ ते १९९३ या काळात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी घेतलेल्या निर्णयांबद्दल मतभेद आहेत, ते असोत. पण ‘मीच का वाचलो?’ हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर जवळ बाळगला. २००२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, ते त्या बेटावर गेले आणि दोघा सोबत्यांसाठी समुद्रावर फुलं वाहिली. २०१८ साली त्यांचं निधन झालं.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा ती राष्ट्राध्यक्षाची म्हणून सांगू नका. वर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकांची, नावेपर्यंत आलेल्या खलाशांची, आणि परत न आलेल्या दोघांची म्हणून सांगा. आपल्या गावात नदी असते, विहीर असते, दर पावसाळ्यात पूर येतो. दोर आधी वळून ठेवलेला असेल आणि तो धरायला चार हात तयार असतील, तरच बुडता माणूस वर येतो. आणि जो वर आला, त्यानं त्या हातांची आठवण ठेवायची असते.