सुजातेची खीर आणि आपली पंगत

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



समितीने मला धम्मावर बोलायला सांगितलं आहे. मी मात्र खिरीवर बोलणार आहे. हसू नका. बुद्ध पौर्णिमेला मी इथेच दारात खीर वाटायला उभा होतो. रांग संपली, टोप खरवडला, तेवढ्यात एक पोरगं धावत आलं आणि म्हणालं, "काका, प्रसाद संपला का?" मी त्याला माझ्या वाट्याचा द्रोण दिला. पण त्याचा तो शब्द डोक्यातून जाईना. देवाला काही वाहायचं आणि त्याच्या कृपेचा घास म्हणून प्रसाद घ्यायचा, ही वाट तर आपण 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला सोडून आलो. मग हा शब्द आपल्या पोरांच्या तोंडी कसा? चूक पोराची नाही. खिरीचा अर्थ आपणच त्याला सांगितला नाही.

तर तो अर्थ काय? सहा वर्षं कठोर तप करून सिद्धार्थ गौतमाच्या अंगाची नुसती हाडं राहिली होती. शरीर पिळून ज्ञान मिळत नाही, हे त्याला उमगलं. उरुवेलेजवळ तो वडाखाली बसलेला असताना सुजाता खीर घेऊन आली. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही ही हकिगत आहे. सुजातेने मुलासाठी त्या झाडाला नवस केला होता. खाली बसलेला हा माणूस म्हणजे साक्षात वृक्षदेवताच, असं तिला वाटलं. निदानकथेत म्हटलं आहे की, सिद्धार्थाने त्या खिरीचे 49 घास केले आणि खाल्ले.

आता बघा, इथे काय घडलं. सुजाता आणत होती नैवेद्य, देवासाठी. खाल्ला तो एका भुकेल्या माणसाने. झाडापुढे ठेवून वाळून गेला असता तो भात माणसाच्या पोटात गेला, त्याला बळ आलं, आणि त्या बळावर तो बोधिवृक्षाखाली बसला. नैवेद्याचं अन्न झालं! आपल्या खिरीचा उगम हा आहे.

ही खीर पुढे देशोदेशी गेली. जिथे गेली तिथल्या मातीतलं जे पिकतं ते तिने घेतलं. श्रीलंकेत 'किरीबत' करतात. किरी म्हणजे दूध, बत म्हणजे भात. दूध मात्र नारळाचं. घट्ट शिजवून थापतात आणि आपल्या वडीसारखे चौकोनी तिरके तुकडे पाडतात. नव्या वर्षाचा पहिला घास तोच. आणि वैशाख पौर्णिमेला, म्हणजे त्यांच्या वेसाकला, रस्त्यारस्त्यावर 'दन्सल' लागतात. दन्सल म्हणजे दानशाळा. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून जेवू घालतात. तू कोण, कुठला, कोणत्या धर्माचा, हे कुणी विचारत नाही.

चीनमध्ये पूर्वी स्वयंपाकात दुधाचा वापर फारसा नव्हता. तिथे खिरीची पेज झाली. बाराव्या चांद्रमासाच्या आठव्या दिवशी तिथले बौद्ध बुद्धाच्या ज्ञानप्राप्तीचा दिवस पाळतात. त्या दिवशी तांदूळ, बाजरीसारखं धान्य, कडधान्यं, शेंगदाणे, खजुरासारखी फळं, कमळाचं बी असं घरात असेल ते एकत्र शिजवतात. त्या पेजेला म्हणतात 'लाबा'ची पेज. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सोंग राजवटीतही विहारांतून ही पेज लोकांना वाटली जात होती, अशी नोंद आहे. आजही तिथल्या विहारांपुढे त्या थंडीत रांगा लागतात.

आता खीर बाजूला ठेवू आणि ती शिजवणाऱ्याकडे वळू. आपल्याकडे कार्यक्रमात पाहुण्यांना हार, वक्त्यांना शाल. चुलीपुढे घाम गाळणाऱ्या बायका मागेच राहतात. जपानचा दोगेन नावाचा तरुण भिक्खू 1223 साली धम्म शिकायला चीनला गेला. त्याचं जहाज बंदरात असताना एका विहाराचा म्हातारा आचारी अळंबी विकत घ्यायला जहाजावर आला. तो कैक मैल चालत आला होता. दोगेन म्हणाला, आज रात्री इथेच राहा. म्हातारा म्हणाला, उद्याचं जेवण मला बघायचं आहे. दोगेनला नवल वाटलं. या वयात ध्यान करायचं, ग्रंथ वाचायचे, तर हा स्वयंपाक कसला करतो? म्हातारा हसला आणि म्हणाला, साधना म्हणजे काय ते तुला अजून कळलेलं नाही. ती गोष्ट दोगेनच्या मनाला लागली. पुढे 1237 साली त्याने विहाराच्या आचाऱ्यासाठी 'तेन्झो क्योकुन' नावाचा ग्रंथच लिहिला. तांदूळ कसा निवडावा, भांडी कशी ठेवावीत, हे सगळं त्यात धम्म म्हणून सांगितलं आहे.

कोरियातले भिक्खू जेवण झालं की आपल्या पात्रात पाणी घालून ते विसळतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. एक शीत वाया जाऊ देत नाहीत. आपण मात्र कार्यक्रम झाला की अर्धा भात पत्रावळीसकट उकिरड्यावर टाकतो!

बांधवांनो, आता शेवटचं आणि महत्त्वाचं. तथागतांना शेवटचं भोजन दिलं पावा गावच्या चुंदाने. चुंद लोहाराचा मुलगा. ते जेवल्यावर तथागत आजारी पडले. त्या पदार्थात काय होतं, यावर विद्वान अजून वाद घालतात. पण तथागतांना त्या वेळी काळजी कशाची होती? लोक चुंदाला बोल लावतील, त्याचं मन खाईल, याची. म्हणून त्यांनी आनंदाला सांगून ठेवलं की, ज्ञानप्राप्तीपूर्वीचं भोजन आणि परिनिर्वाणापूर्वीचं भोजन, या दोन्ही दानांचं फळ सारखंच आणि इतर दानांहून मोठं आहे. महापरिनिब्बान सुत्तात हे आहे. एक घास गावातल्या बाईच्या हातचा, दुसरा भात्यापुढे राबणाऱ्या लोहाराच्या हातचा. सगळ्यांत मोठी दोन दानं ती हीच.

आणि आपल्या देशात काय चाललं होतं? कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाचा हात लागला की अन्न बाटतं, यावर माणसाची किंमत ठरत होती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. त्यानंतर परिषदेच्या मांडवात आपली माणसं जेवत होती, गावी परतायच्या तयारीत होती. त्यांच्यावर हल्ला झाला, आणि हल्लेखोरांनी त्यांचं अन्न मातीत मिसळलं. ज्यांचं पाणी अडवलं, ज्यांच्या ताटात माती कालवली, त्यांची लेकरं-नातवंडं आज स्वतःच्या विहारात चूल पेटवून येईल त्याला खीर वाढतात. ही काय लहान गोष्ट आहे?

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या पौर्णिमेला खिरीचा पहिला डाव घालण्याआधी कुणीतरी पाच मिनिटं मुलांना सुजातेची आणि चुंदाची गोष्ट सांगा. किती किलो साखर कुणी दिली, हे लाउडस्पीकरवरून सांगू नका. ज्या बाया शिजवतात त्यांना पहिल्या पंगतीला बसवा आणि टोप आपण पुरुषांनी घासू. सकाळी आपली गल्ली झाडणारा कोणत्याही समाजाचा असो, फाटकाशी उभा असलेला पाहुणा कोणत्याही धर्माचा असो, त्याला हाताला धरून आत आणा, आपल्या शेजारी बसवा. आपल्या विहारात कुणाला बाहेरच द्रोण दिला जात असेल, तर महाडची माती आपणच त्या खिरीत टाकली असं समजा.

एवढं केलं, की पुढच्या वर्षी ते पोरगं येईल आणि विचारेल, "काका, सुजातेची खीर संपली का?" त्या दिवशी मी माझा द्रोण आणखी आनंदाने देईन.

नमो बुद्धाय! जयभीम!