विहिरीला पेट्रोलचा वास आला तर
(जिल्हा मेळाव्यात मालवणकडील कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा संक्षेप)



कापूस-ज्वारीच्या मुलखात नारळ-आंब्याचा माणूस काय सांगणार, असे तुमच्या मनात आले असेल. आमच्याकडे पाऊस धो धो, तुम्ही आभाळाकडे बघत बसता. पण मे महिन्यात प्यायचे पाणी दोघांचेही विहिरीतच. आम्ही विहिरीला बाव म्हणतो. महाराजांनी १६६४ साली मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग बांधायला घेतला; चारी बाजूंना खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही गोड्या पाण्याच्या. आमच्या किनाऱ्यावर जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगून असते. उपसा फार केला की खालचे खारे वर चढते. हे आमच्या पोरांनाही ठाऊक आहे. आता या दोन थरांवर तिसरा, तेलाचा थर आला तर?

ही कल्पना नव्हे. आमच्या खालच्या अंगाला, गोव्यात, दाभोळीजवळच्या माटवे भागात ऑगस्ट २०२४ मध्ये विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला. पाणी पेट घेते, इथपर्यंत गोष्ट गेली. चौकशीत जमिनीखालून जाणाऱ्या पाइपलाइनची गळती पुढे आली. त्याआधी २०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये बोअरला तेल लागले होते, तिथेही पाइपलाइनच. दोन्हीकडे पहिली तपासणी सरकारने केली नाही, तिथल्या रहिवाशांच्या नाकाने केली.

तुमच्याकडे बंदराची पाइपलाइन नाही, पण तालुक्याच्या जुन्या गावात वेशीजवळ पेट्रोल पंप आहे. त्याच्या पोटात लोखंडी टाक्या आहेत. हायवेला टँकर उलटतात. आमच्या जांभ्या दगडाला भोकेच भोके, तेल त्यातून सरळ खाली. तुमची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, खाली मुरूम, त्याखाली फत्तराच्या चिरा. तेल वाट शोधतेच. पावसाळ्यात पाणी चढले की तेल वर येते, उन्हाळ्यात उतरते, आणि चढता-उतरता मुरुमाला माखून राहते. म्हणून वास दोन महिने जातो आणि पुन्हा येतो. वास गेला म्हणजे तेल गेले, असे कुणी सांगितले तर मान डोलावू नका.

किती तेलाने किती पाणी बिघडते? पेट्रोलात शंभरात एक भाग बेंझीन चालते. हे विष रक्ताचा कर्करोग करते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. तुम्हीच हिशेब करा: एक लिटर पेट्रोलातले बेंझीन सगळे विरघळले तर पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचते. दहा हजार लिटरचे सत्त्याऐंशी टँकर!

आता तपास कसा करायचा. काडी ओढून बघू नका, विहिरीत उतरू नका. वाफेने माणूस जातो. मोटार लावून उपसाही करू नका. उपशाने दूरचे तेल आपल्याच विहिरीकडे ओढले जाते, पुरावाही वाहून जातो. आमच्याकडे तर वर खारे पाणी येते ते वेगळेच. आधी आपल्या विहिरीवरचे डिझेल इंजिन बघा, टाकी गळते का, डबा सांडला का. घरचे तेल असेल तर दुसऱ्याच्या दारात जायला नको.

ते नसेल तर काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्या, प्लास्टिक नको. एक पाण्याच्या वरून, एक खोलातून. काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका, बर्फात ठेवा. तारीख, वेळ लिहून पंचांच्या सह्या घ्या. पेट्रोल, डिझेल की रॉकेल हे चांगली प्रयोगशाळा ओळखते.

मग आसपासच्या तीन विहिरी निवडा, एका रांगेत नसलेल्या. पहाटे, कुणाचीही मोटार सुरू नसताना, काठापासून पाणी किती खाली ते दोरीने मोजा. काठांची उंची सारखी नसते, ती गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हल पाइपने टप्प्याटप्प्याने जुळवून घ्या. कुठल्या विहिरीतले पाणी सर्वांत उंच ते कळले की जमिनीखालच्या पाण्याचा उतार कळला. तेल बहुधा वरच्या अंगाने आले. फत्तराच्या चिरा कधी चकवतात, म्हणून पाच-सहा विहिरी मोजल्या तर अधिक बरे. इंजिनिअर याहून नेमके काम करील, पण तो येईपर्यंत तुमचा कागद तयार हवा.

त्या अंगाला पंप असेल तर तिथे टाकीत रोज डिप घालून साठ्याची नोंद ठेवतात. आलेला माल, विकलेला माल, उरलेला माल. सारखी तूट दिसते का, हे तपासायला अर्जात लिहा. अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि साठ्याचा परवाना देणाऱ्या केंद्राच्या पेसो या खात्याकडे. त्याचे मुख्यालय नागपुरातच आहे. विहीर दूषित करायला १९७४ च्या जल कायद्याच्या २४ व्या कलमाने मनाई आहे.

पुष्कळ ठिकाणी साहेब येतात, 'पाणी पिण्यास अयोग्य' अशी पाटी लावतात, टँकर सुरू होतो आणि फाइल झोपते. पाटी लागली म्हणजे तपास झाला नाही. तेल कुठून येते हे लेखी मागा. भरपाईसाठी हरित न्यायाधिकरण आहे, पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्याला. २०१० च्या कायद्याच्या १५ व्या कलमाखाली कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. म्हणून वास पहिल्यांदा कुठल्या दिवशी आला, ती तारीख ग्रामपंचायतीच्या आवक बारनिशीत त्याच आठवड्यात चढवून घ्या, आणि पोचेवर शिक्का मागा.