वॉशिंग्टनपलीकडचे कायदे



अमेरिकेतल्या ऊर्जा आणि पर्यावरणविषयक कायद्यांचा मागोवा घेणारा माणूस सहसा वॉशिंग्टनवर डोळे लावून बसतो, आणि तिथेच फसतो. २००९ मध्ये कार्बनवर मर्यादा घालणारे विधेयक प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झाले. सिनेटमध्ये ते मतदानालाही आले नाही. मग २०१५ मध्ये ओबामा सरकारने जुन्याच ‘स्वच्छ हवा कायद्या’खाली नियम केला : वीजनिर्मितीतले कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ३२ टक्क्यांनी खाली आणायचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि २०२२ मध्ये त्या धर्तीचा नियम करण्याचा अधिकार या कायद्यात नाही, असा निकाल दिला. नियम अमलात आलाच नाही. तरीही तेवढी घट २०१९ च्या सुमारास होऊन गेली होती. ज्यांनी फक्त संसद आणि न्यायालय पाहिले, त्यांच्या हिशेबात ही घट बसतच नाही.

यावर आक्षेप येतो की हे बाजाराने घडवले, कायद्याने नव्हे. स्वस्त नैसर्गिक वायूने कोळशाला मागे सारले, हे खरेच आहे. पण वाऱ्याच्या विजेचे काय? तेलाच्या टेक्सासात १९९९ मध्ये, जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना, २००९ पर्यंत २,००० मेगावॉट नवी अपारंपरिक वीज उभारण्याचा कायदा झाला. अडचण तारांची होती. वारा पश्चिमेच्या माळांवर, गिऱ्हाईक डॅलस-ऑस्टिनला. पवनचक्क्या नसताना वाहिनी कोण टाकणार, आणि वाहिनी नसताना पवनचक्कीला कर्ज कोण देणार? २००५ च्या राज्य कायद्याने हा तिढा सोडवला : राज्याच्या वीज नियामक आयोगाने वाऱ्याचे पट्टे आधी ठरवायचे, वाहिन्या आधी टाकायच्या, खर्च तिथल्या जाळ्यातल्या सगळ्याच ग्राहकांच्या बिलात वाटला जाणार. सुमारे ७ अब्ज डॉलर खर्चून जवळजवळ ३,६०० मैलांच्या वाहिन्या २०१४ पर्यंत उभ्या राहिल्या. केंद्राची करसवलत जोडीला होतीच. बाजार धावला तो या तारांवरून.

मग राज्येच पुरेशी आहेत, असे म्हणावे का? तेही नाही. मोटारींच्या धुरासाठी केंद्राहून कडक नियम करण्याची मुभा एकट्या कॅलिफोर्नियाला मागता येते, तीही केंद्राच्याच कायद्यानुसार. इतर राज्यांना फार तर तिचे नियम उचलता येतात. २०३५ पर्यंत केवळ पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या मोटारींची विक्री थांबवणाऱ्या नियमाची मुभा जून २०२५ मध्ये काँग्रेसच्या ठरावाने रद्द झाली. अशी मुभा अशा ठरावाच्या कक्षेत येत नाही, असे मत काँग्रेसच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने दिले होते. कॅलिफोर्नियासह अनेक राज्ये न्यायालयात गेली.

म्हणून मतदानाचे आकडे जमवून भागत नाही. नियम कोणत्या कलमावर उभा आहे, दिलेली मुभा कोण काढून घेऊ शकतो आणि खर्च कोणाच्या बिलात जातो, हे तीन प्रश्न प्रत्येक कायद्याला विचारावे लागतात. २०१५ चा नियम पहिल्या प्रश्नावर पडला, कॅलिफोर्निया दुसऱ्यावर अडली. आणि टेक्सासच्या तारा उभ्या राहिल्या, त्या तिसऱ्याचे उत्तर आधीच ठरले होते म्हणून.