रिपोर्ट कोण बघणार?



ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरला जीपी म्हणतात आणि त्याच्या दवाखान्याला प्रॅक्टिस. तिथला डॉक्टर रजेवर गेला, आजारी पडला किंवा डॉक्टरीणबाईंचं बाळंतपण आलं, की त्यांच्या जागी काही दिवसांपुरता दुसरा डॉक्टर बसतो. त्याला तिकडे ‘लोकम’ म्हणतात. तिथल्या आपल्या मराठी डॉक्टरांमध्ये कधीच लोकम न केलेला माणूस विरळा. मीही लोकम केलं आणि पुढे लोकमला बोलावणाऱ्यांच्या बाजूलाही बसले.

नवीन डॉक्टर बघितला की पेशंटचा चेहरा उतरतो, आणि त्यात चूक काहीच नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2021 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, डॉक्टरशी वर्षभराचीच ओळख असलेल्यांपेक्षा, सुमारे 25 टक्क्यांनी कमी आढळलं. ओळखीचा डॉक्टर हे एक औषधच आहे. पण म्हणून लोकम डॉक्टर कमी प्रतीचा, असं जे सहज बोललं जातं ते मला अजिबात मान्य नाही. त्याची नोंदणी तीच, दरवर्षीचं मूल्यमापन तेच, दर पाच वर्षांनी होणारी फेरपडताळणीही तीच. मँचेस्टरच्या संशोधकांनी 2019 साली या विषयावरचं लिखाण एकत्र करून तपासलं, तेव्हा लोकमबद्दलच्या प्रचलित समजुतींना फारच थोडा पुरावा सापडला. माझं मत सांगते: लोकमच्या हातून पेशंटचं भलं होणार की नाही, हे बरंचसं तो यायच्या आधी आणि तो गेल्यानंतर प्रॅक्टिस काय करते यावर ठरतं.

आधीचं सांगणं सोपं आहे. कुठे ‘एमिस’ नावाची संगणक प्रणाली असते, कुठे ‘सिस्टमवन’. एकीवर हात बसलेला माणूस दुसरीवर चाचपडतो. संगणकात शिरायच्या त्याच्या स्मार्टकार्डावर त्या प्रॅक्टिसची परवानगी चढवलेली नसेल, तर फार्मसीकडे ऑनलाइन चिठ्ठी जात नाही, आणि बाहेर दर दहा मिनिटांना एक पेशंट येऊन बसलेला असतो. ऑक्सिजन कुठे आहे, मदतीची घंटा कुठली, हे त्याला पहिला पेशंट आत येण्यापूर्वी कळलं पाहिजे. दोन पानांची माहिती आणि रिसेप्शनवरच्या जाणत्या माणसाची दहा मिनिटं, एवढ्यात हे होतं.

हे न झाल्यास काय होऊ शकतं? 2008 च्या फेब्रुवारीत केंब्रिजशायरमध्ये, दवाखाने बंद असताना चालणाऱ्या सेवेसाठी, जर्मनीहून एक डॉक्टर आला. आदल्याच दिवशी विमानाने पोचलेला. वेदनेने तळमळणाऱ्या सत्तर वर्षांच्या पेशंटला त्याने डायमॉर्फिनचा दहापट डोस टोचला आणि पेशंट दगावला. हे औषध त्याच्या नेहमीच्या वापरातलंच नव्हतं. अपराध डॉक्टरचा होता, 2010 साली मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने तसा निर्वाळाही दिला. पण औषधांची पेटी त्याच्या हाती देताना शेजारी बसून कोणी ती उघडून दाखवली असती तर, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

आता नंतरचं, आणि इथेच जास्त निसटतं. समजा, पासष्टीचे एक गृहस्थ थकवा येतो म्हणून आले. लोकमला चेहरा फिकट वाटला, त्याने रक्त तपासायला पाठवलं. गुरुवारी रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन कमी, लोह कमी. या वयात याचा अर्थ आतड्याच्या कॅन्सरची शंका घेऊन तातडीने पुढचा तपास. पण रिपोर्ट ज्याच्या नावावर आला, तो डॉक्टर गुरुवारी दुसऱ्याच गावात काम करतोय! म्हणून लोकमच्या प्रत्येक दिवसाला प्रॅक्टिसमधला एक कायमचा डॉक्टर नावानिशी जोडलेला हवा. त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट त्यानेच बघायचे. ‘कोणीतरी बघेल’ ही व्यवस्था असू शकत नाही.

लोकमनेही आपला वाटा उचलायचा असतो. ‘रक्त तपासलं’ एवढं लिहून भागत नाही. मला भीती कशाची वाटली, रिपोर्ट असा आला तर काय करा, आणि पेशंटला मी काय सांगून ठेवलंय, हे तीन ओळींत लिहायला हवं. पुढचा डॉक्टर आकडे वाचू शकतो, माझ्या मनातली शंका त्याला कशी दिसणार? आणि वर्षानुवर्षांच्या गुंतागुंतीचे पेशंट, न पाहिलेल्या माणसांच्या औषधांच्या ढीगभर सह्या, असं सगळं लोकमच्या माथी मारू नये. ते ओळखीच्या डॉक्टरचं काम.

हे झालं ब्रिटनचं. आपल्याकडे अनेक फॅमिली डॉक्टरांची फाइल त्यांच्या डोक्यात असते. मे महिन्यात मित्राला ‘चार दिवस दवाखाना सांभाळ’ म्हणून ते निघतात, तेव्हा कुठल्या आजींना कुठली गोळी सोसत नाही हे कंपाउंडरकाकांनाच माहीत असतं. ते वहीत उतरवून ठेवायला एक दुपार पुरते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी सेवेच्या बंधपत्राचं एक वर्ष भरायला येणारी तरुण डॉक्टर मुलं-मुली तर एकटीच पडतात. त्यांच्या पहिल्याच आठवड्यात नर्सबाई आणि आशाताईंनी सोबत बसून जोखमीच्या गरोदर बायकांची यादी त्यांच्याबरोबर वाचावी: कोणाचं बीपी चढतं, कोणाचं रक्त कमी आहे, रात्री-अपरात्री कोणाला कुठल्या रुग्णालयात न्यायचं. आणि वर्ष संपल्यावर त्याच यादीखाली पुढच्या डॉक्टरसाठी चार ओळी लिहून मगच त्यांनी केंद्र सोडावं.